तिसरा माणूस

सकाळी साडेसहाला माझा फोन वाजला की घरात कुणी ‘कोणाचा’ म्हणून विचारत नाही. बायको पांघरुणातूनच सांगते, “उठा, दोनच आले असतील.”

दोनच आलेले असतात. फोनवर पाळकसाहेबांचा दबका आवाज असतो, कारण ते वेस्ट्रीतून, म्हणजे झगा घालायच्या खोलीतून, बोलत असतात आणि बाहेर पहिल्या बाकावर आजी बसलेल्या असतात. “मास्तर, जरा येता का?” मी शर्ट चढवतो, चपला शोधतो आणि निघतो. माझं घर चर्चच्या इतकं जवळ आहे की रिक्षा मिळाली नाही, असंही सांगता येत नाही. घर बांधताना ही गोष्ट लक्षात यायला हवी होती.

मी दारातून आत पाऊल टाकलं की आजी मागे न वळता उजवा हात वर करतात आणि तीन बोटं दाखवतात. पहिल्या त्या, दुसरे घंटेवाले काका, तिसरा मी. मग साहेब वेदीपाशी येतात आणि उपासना सुरू होते.

हा तिघांचा हिशेब आजींच्या डोक्यातून निघालेला नाही. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या, लोकांचं जुनं प्रार्थनापुस्तक 1662 सालचं. म्हणजे ते छापलं गेलं तेव्हा इकडे पुण्यात शाहिस्तेखान लाल महालात तळ ठोकून होता. त्या पुस्तकात प्रभुभोजनाच्या विधीनंतर काही सूचना दिल्या आहेत. त्यातली एक अशी, की मंडळीत प्रभुभोजन घेण्याजोगी वीसच माणसं असली, तरी पाळकाबरोबर चार जण, निदान तीन तरी, घेणारे असल्याशिवाय विधी करू नये. त्याआधीच्या काळात धर्मगुरूने एकट्यानेच प्रसाद घ्यायचा आणि लोकांनी बघत राहायचं, अशी रीत पडली होती. ती मोडायला हा नियम केला. वाढायचं तर पंगत बसली पाहिजे, यजमानाने एकट्याने जेवून ढेकर द्यायचा नाही, इतकी सरळ गोष्ट. पुढच्याच वर्षी खानाची बोटं गेली. नियमाची तीन बोटं मात्र आजींनी आजतागायत शाबूत ठेवली आहेत.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, तालुक्याचं. चर्च काळ्या दगडाचं, एस.पी.जी.च्या मिशनऱ्यांनी बांधलेलं. ही एस.पी.जी. म्हणजे 1701 साली लंडनमध्ये निघालेली सुवार्ताप्रसाराची अँग्लिकन संस्था. तिचे साहेब केव्हाच गेले, पण आजी अजून ‘आपण एस.पी.जी.चे’ असंच सांगतात. फाटकावर ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ अशी पाटी आहे. ती त्यांनी कधी मनावर घेतली नाही. “नॉर्थ इंडिया काय? आपण काय दिल्लीला राहतो का?”

ही पाटी 1970 ची. त्या वर्षी 29 नोव्हेंबरला नागपूरला सहा वेगवेगळ्या परंपरांची चर्चेस एक झाली. कागदावर सही करायला एक दिवस पुरला. गुडघ्यांचं एकमत अजून व्हायचं आहे. कोणी प्रार्थनेला गुडघे टेकतो, कोणी उभा राहतो, कोणी बसल्या जागी फक्त मान खाली घालतो. प्रभुभोजनात एका घराला चपटी पांढरी चकती हवी, दुसऱ्या घराला पाव. कोणाला सगळ्यांनी एकाच पेल्यातून प्यायचं, कोणाला ज्याचा त्याचा चिमुकला पेला. हल्ली आमच्यात या तात्त्विक मतभेदांचा निकाल संधिवात लावतो.

पण आजींचा खरा राग त्या सहांवर नाही, न आलेल्या सातव्यावर आहे. ऐक्याच्या बैठका 1929 पासून चालल्या होत्या. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट त्यांत होते, आणि 1970 मध्ये मुहूर्त काही महिन्यांवर आलेला असताना त्यांनी अंग काढून घेतलं. एक्केचाळीस वर्षं चाललेली सोयरीक! आजी तेव्हा नव्या नवऱ्या होत्या. मोडलेल्या लग्नाची गोष्ट बायका जशी सांगतात, तशी त्या ही सांगतात. “मांडव पडला होता, आचारी बोलावला होता, आणि हे म्हणतात, आमचं जमायचं नाही.” त्यानंतर देवाला विनोद सुचला आणि आजींच्या मुलाने पुण्याच्या मेथडिस्ट घरातली मुलगी पसंत केली.

ही सून आजींना स्कूटीवर बसवून चर्चला आणते. त्यांचा चष्मा, गीतांचं पुस्तक आणि पाठीमागची उशी नेमून दिलेल्या जागी ठेवते आणि स्वतः शेवटच्या बाकावर जाऊन बसते. म्हणजे माझा फोन वाजतो त्या प्रत्येक सकाळी तिसरं माणूस चर्चमध्ये हजर असतंच. पण आजींच्या मोजणीत मेथडिस्ट धरत नाहीत. रविवारी मंडळी भरलेली असते, मोजायचा प्रश्न येत नाही, तेव्हा तिने काय घ्यायचं ते घ्यावं. मधल्या वारी आलेल्या संतांच्या दिवशी मात्र हिशेब चोख. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाल्या, “मास्तर, पटावर नाव नसलेलं पोर तुम्ही हजेरीत धरायचात का?” मी पस्तीस वर्षं भूगोल शिकवला आहे. इन्स्पेक्टर यायच्या दिवशी कोणकोणती पोरं मी हजेरीत धरली आहेत, हे आजींना माहीत नाही, हे बरं आहे.

साहेब तरुण आहेत. ते ऐक्यातल्या दुसऱ्या शाखेतून आलेले. त्यांच्या घरी छापील प्रार्थनेची पद्धत नव्हती, मनात येईल तसं बोलायचं. पहिल्या रविवारी त्यांनी डोळे मिटून जी प्रार्थना सुरू केली ती राष्ट्रपतींपासून निघून जायकवाडीच्या पाण्यापर्यंत आली तरी थांबेना. उपासना संपल्यावर आजी त्यांना म्हणाल्या, “साहेब, पुस्तकातल्या प्रार्थनेचा एक गुण आहे. ती संपते.” तिघांचा नियम त्यांना आजींनीच शिकवला. नव्या उपासनापुस्तकात अशी सक्ती नाही, हे त्यांनी नम्रपणे सांगून पाहिलं. आजींनी दोन्ही पुस्तकं हातात घेऊन वजन केलं आणि जुनं त्यांच्या हातात परत दिलं.

त्या दिवसापासून साहेब एका पेचात सापडले आहेत. ऑगस्टच्या 24 तारखेला संत बर्थलमय येतो. या शिष्याबद्दल शास्त्रात नावापलीकडे फारसं काही नाही आणि आमच्या गावात त्याला ओळखणारं आजींखेरीज कुणी नाही. पण त्या दिवशी पाऊस असो, वीज गेलेली असो, साडेसहाला घंटा होते. घंटा वाजली म्हणजे साहेबांनी झगा घातलाच पाहिजे, आणि तिघं जमल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी त्यांना एकदा म्हटलं, “दोन माणसांसाठी कशाला एवढं?” तर म्हणाले, “मास्तर, एस.टी. दोन पॅसेंजर असले तरी सुटतेच ना?” त्यांनी एस.टी.चा दाखला द्यावा हे ठीकच होतं. चार खेड्यांतल्या मंडळ्या त्यांच्याकडे आहेत आणि मोटरसायकल महिन्यातून दोनदा गॅरेजमध्ये असते.

माणसं कमी असली की आणखी एक अडचण येते, ती व्याकरणाची. ‘गलिव्हर’ लिहिणारा जोनाथन स्विफ्ट हा आयर्लंडात अँग्लिकन पाळक होता. त्याने एका खेड्यात मधल्या वारांच्या प्रार्थना सुरू केल्या, तर त्याचा कारकून रॉजर सोडून कुणीच आलं नाही. तेव्हा पुस्तकातलं ‘प्रिय बांधवांनो’ गाळून त्याने ‘प्रिय रॉजर’ अशी सुरुवात केली आणि पुढे सगळं यथासांग वाचलं, असं सांगतात. गोष्ट खरी की रचलेली, देव जाणे. अडीचशेहून जास्त वर्षं ती पाळकमंडळी एकमेकांना सांगत आली आहेत. इंग्रजीत हे सोपं आहे. आमच्या साहेबांनी एकदा आजी एकट्याच असताना हा प्रयोग केला. ‘बंधुभगिनींनो’ म्हणण्याऐवजी ते म्हणाले, “प्रिय आजी, तुम्ही आणि मी पापी आहोत.” आजी शांतपणे म्हणाल्या, “तुमचं तुम्ही बघा.”

पाळकाचं खरं काम चर्चबाहेर असतं, ते म्हणजे घरभेटी. साहेबांची मोटरसायकल गल्लीच्या तोंडाशी दिसली की पहिल्या घरातलं पोर शेवटच्या घरापर्यंत पळत जातं. मालिका बंद होते, टेबलावर बायबल येतं, त्याच्यावरून घाईने फडकं फिरतं. त्या धुळीने साहेबांना शिंका येतात आणि कोणत्या घरात पवित्र शास्त्र किती वाचलं जातं याचा अंदाज ते शिंकांवरून बांधत असावेत, असा मला संशय आहे. मग भावाभावांचं बांधाचं भांडण, मुलीचं स्थळ, नव्या ट्रॅक्टरवर प्रार्थना, आणि प्रत्येक घरी चहा. एका संध्याकाळी अकरा चहा झाल्याची नोंद माझ्याकडे आहे. नाही म्हणायची सोय नाही. अमक्याकडे घेतला आणि तमक्याकडे नाही, यावरून आमच्याकडे मंडळी फुटू शकते.

चहाची आणि आमची गाठ जुनी आहे. 1890 मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये, म्हणजे आमच्याच अँग्लिकन बिऱ्हाडी, रानडे, टिळक आदी मंडळी व्याख्यानाला गेली आणि पुढे चहा-बिस्किटं आली. कोण कोण हजर होतं त्याची नावं छापून आली आणि पुण्यात ग्रामण्य झालं, बहिष्कार आणि प्रायश्चित्तांपर्यंत गोष्ट गेली. आमच्या चर्चमागच्या शेडमध्ये रविवारी होणाऱ्या चहाने आजवर कुणाचा धर्म बुडालेला नाही. फक्त पित्त होतं. तो चहा आजींची सूनच करते. गेली पंधरा वर्षं, मोजणीत नसताना.

2020 च्या टाळेबंदीत वाटलं, आता आजींचं कसं होणार. चर्चला कुलूप. तिसऱ्याच दिवशी त्यांचा साहेबांना फोन आला, पानाच्या आकड्यासकट. जुन्या पुस्तकात आजाऱ्याच्या घरी प्रभुभोजन देण्याबद्दलही नियम आहे. तिथेही सोबत तिघं हवीत, निदान दोघं. पण प्लेगसारखी साथ असेल आणि भीतीने कुणी येत नसेल, तर पाळक आणि आजारी दोघंच चालतील. “आजी, पण तुम्ही आजारी कुठे आहात?” “या वयात आजारीच धरा.” साहेब परवानगी काढून, मास्क लावून, अंगणात उभे राहिले. आजी खिडकीत. मी माझ्या गच्चीवरून बघत होतो. माझी गरज नव्हती. बरं वाटायला हवं होतं.

गेल्या पावसाळ्यात आजी न्हाणीघरात पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. नगरला ऑपरेशन झालं, रॉड घातला, आणि घरी आणल्यावर पहिला निरोप साहेबांना. त्यांनी छोट्या पेटीतला पेला आणि तबक काढून खाटेशेजारच्या स्टुलावर मांडलं. मी होतो. घंटेवाले काका मोतीबिंदूसाठी मुलाकडे मुंबईला. आजींनी पडल्या पडल्या बोटं मोजली.

“आजाऱ्याबरोबर दोघं लागतात,” त्या म्हणाल्या. “साथ नाहीये.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून रस्त्याकडे बघितलं, कुणी अँग्लिकन जाताना दिसतो का म्हणून. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून आवाज आला, “मी आहे की.”

आजी छताकडे बघत होत्या. नागपूरचा मांडव त्यांच्या डोळ्यांपुढे उभा असावा.

“तू मेथडिस्ट.”

“हो, आई.”

बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

“कणकेचे हात धुऊन ये,” आजी म्हणाल्या.

ती हात धुऊन, पदर घेऊन आली आणि खाटेच्या कडेला गुडघे टेकून बसली. आजींनी हात वर केला, तीन बोटं दाखवली, आणि साहेबांनी सुरुवात केली. मध्येच दूध उतू गेल्याचा वास आला. कुणी उठलं नाही.

आता आजी वॉकर घेऊन चर्चला येतात. काकाही परत आले आहेत. परवा संत मत्तयाचा दिवस होता. साडेसहा झाले, पावणेसात झाले, फोन वाजला नाही. “झोपा की,” बायको म्हणाली, “तिघं झाली असतील.” मी कूस बदलली. पुन्हा बदलली. मग शर्ट चढवला.

वाचन सुरू झालं होतं. मी चपला न वाजवता मागून आत शिरलो. सून आता पहिल्या बाकावर, आजींच्या शेजारी होती. आजींनी मागे न वळता हात वर केला आणि चार बोटं दाखवली.