बार्शीहून पुण्याला शिकायला जाणाऱ्या उमेदवारांसाठी सूचना

विद्यापीठ निवडणे हे विद्यार्थ्याचे काम नाही, हे उमेदवाराने आधी ध्यानात घ्यावे. ते काम बारावीचा निकाल लागण्याच्या बऱ्याच आधी घरातल्या ज्येष्ठांनी उरकलेले असते. आमच्या बार्शीत (करमाळा, कुर्डुवाडी, परांड्याच्या उमेदवारांनाही हे नियम जसेच्या तसे लागू) 'शिकायला जाणे' याचा अर्थ 'पुण्याला जाणे' असाच होतो. सोलापुरात 2004 पासून आपल्या एकट्या जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ आहे, पण त्याचा उल्लेख मामांपुढे करू नये. मामा लगेच "सोलापुरात राहून काय करणार?" असे विचारतात. पुण्यात राहून काय करणार, हे मात्र कुणी विचारत नाही. मामांनीही त्यांच्या वेळी विचारले नव्हते आणि ते दोन वर्षांत परत आले होते.

सीईटीचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो. तुम्हाला 94 पर्सेंटाइल मिळाले म्हणजे शंभरातली चौऱ्याण्णव मुलं तुमच्या बरोबरीला किंवा मागे आहेत. प्रत्यक्ष गुण 200 पैकी निम्म्याच्या आसपासही असू शकतात. हे पाहुण्यांना समजावण्याच्या भानगडीत पडू नये. पाहुणे "चौऱ्याण्णव टक्के!" म्हणत पेढा उचलतात, तो त्यांना सुखाने खाऊ द्यावा. वडील अशा वेळी दुरुस्ती करत नाहीत, पंख्याकडे बघतात. महिनाभराने तेच पाहुणे "चौऱ्याण्णव टक्के पडूनसुद्धा सीओईपी कसं नाही मिळालं?" असे विचारत येतात, तेव्हा पेढ्याची वसुली सुरू झाली असे समजावे. त्यांना इतिहास सांगावा. 1854 साली सरकारी बांधकामाला हाताखालची माणसं मिळावीत म्हणून निघालेला वर्ग वाढत वाढत 2022 साली स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झाला, आपण निवडायला जाईपर्यंत कॉलेज तिथे उरलेच नव्हते, असे गंभीर चेहऱ्याने बोलावे. पाहुणे हळहळतात आणि चहा घेऊन जातात.

ऑप्शन फॉर्म भरताना खुर्चीवर एक माणूस आणि खुर्चीमागे चार माणसे असावीत. वडिलांच्या हातात मागच्या वर्षीच्या कटऑफची झेरॉक्स असते, काकांना प्लेसमेंटची काळजी असते. आई फक्त एवढेच विचारते की तिथे मेस आहे का. पुढच्या चार वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, मुद्द्याचा प्रश्न तेवढाच. पहिल्या फेरीत पहिल्याच पसंतीचे कॉलेज मिळाले तर ते घ्यावेच लागते, म्हणून पहिल्या नंबरावर काकांना आवडलेले नाव टाकू नये. काकांनी ते कॉलेज एसटीच्या खिडकीतून पाहिलेले असते, आणि तेही कमान तेवढी.

कागदपत्रांविषयी थोडक्यात. शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल त्यांनी जात वैधता आणि नॉन-क्रीमीलेअर. या शेवटच्याची मुदत 31 मार्चला संपते आणि हे आपल्याला जुलैत कळते. सेतू केंद्रातल्या माणसाशी मे महिन्यातच ओळख काढून ठेवावी.

पुण्यात खोली मिळत नाही, कॉट मिळते. 'कॉट बेसिस' ही पेठांतली फार जुनी सोय आहे. आपण एका लोखंडी पलंगाचे भाडेकरू असतो, आणि पलंगाखालची जागा आपली की शेजारच्याची यावर तिघांत पहिल्या आठवड्यातच तह करावा लागतो. पलीकडच्या कॉटवर बहुधा एमपीएससीवाले एक दादा असतात. ते तुम्ही यायच्या आधीपासून तिथे असतात आणि तुमची पदवी झाली तरी असतात. त्यांच्याशी नम्रपणे वागावे, कारण गीझर किती वाजता लावायचा हे तेच ठरवतात. घरमालकांच्या पाट्यांबद्दल लोकांनी इतके लिहिले आहे की मी कागद खर्च करत नाही.

आता मुख्य विषय, जेवण. मेसचे महिन्याचे कार्ड घेताना रविवारी दुपारची फीस्ट बघून भुलू नये. फीस्टच्या मागोमाग रविवारची संध्याकाळ येते आणि संध्याकाळी मेस बंद असते. घरची आठवण नेमकी तेव्हाच येते, हा योगायोग नाही. या वेळेसाठी सोलापुरी माणसाने कडक भाकरीची रचना केलेली आहे. ज्वारीची ही पापडासारखी भाकरी आठवडेच्या आठवडे टिकते, तिला फ्रीज लागत नाही, घरमालकाची परवानगी लागत नाही. सोबत शेंगाची चटणी आणि दही असले की झाले. फक्त खाताना होणारा आवाज दादांच्या चालू घडामोडींच्या आड येतो, म्हणून दोन भाकऱ्या त्यांच्यापुढे आधी ठेवाव्यात.

ही रसद एसटीने येते. आई बार्शी स्टँडवर ओळखीच्या कंडक्टरकडे डबा देते आणि फोनवर गाडीचा नंबर सांगते. एक आकडा हमखास चुकलेला असतो. स्वारगेटला तासभर आधी जाऊन उभे राहावे आणि टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण ओलांडून आलेली प्रत्येक लाल गाडी निरखावी. जुन्या साडीच्या तुकड्यात बांधलेला डबा दिसला की नंबर पडताळत बसू नये. गाठ आईचीच असते.

डबा रिकामा परत पाठवायचा नाही, हा घरचा रिवाज पुण्यातही पाळावा. पहिल्या महिन्यात माझ्या डब्यातून चितळ्यांची बाकरवडी गेली. दुसऱ्या महिन्यात पैसे संपल्यामुळे कॉलेजच्या कार्यक्रमाचे पत्रक घातले, ते आईने फ्रीजवर चिकटवले. चौथ्या महिन्यात धुवायचे दोन शर्ट कोंबून पाठवले. ती काही बोलली नाही. पुढच्या डब्यात चटणीच्या पुडीखाली साबणाची वडी निघाली, निम्मी वापरलेली.