विद्वानांस पिस्तूल कसे मिळेल?

ज्या गृहस्थाने अथवा विदुषीने आयुष्याची ऐन उमेदीची सहा-सात वर्षे अमेरिकेतील एखाद्या विद्यापीठाच्या तळघरात अशा एका विषयाच्या अध्ययनात वेचली आहेत, की ज्याचे नाव ऐकताच समोरचा मनुष्य आदराने मान डोलावतो आणि ताबडतोब पाऊसपाण्याची गोष्ट काढतो; आणि प्रबंध मान्य झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ज्यांना असा शोध लागला आहे, की त्या विषयाच्या प्राध्यापकाची जागा यंदा देशभरात एकच निघाली असून तिच्यावर आपल्याच मार्गदर्शकांचे चार जुने शिष्य डोळा ठेवून बसले आहेत, त्यांच्या कल्याणार्थ प्रस्तुत मार्गदर्शन लिहिले आहे. त्यांनी खचून जाऊ नये. संघीय सरकारची चौकशी-खाती आपल्यासारख्यांची वाट पाहत आहेत. तेथे पगार आहे, पेन्शन आहे, बिल्ला आहे आणि विद्यापीठीय जीवनात ज्याची उणीव क्षणोक्षणी जाणवते ते पिस्तूलही आहे.

प्रथम खाते निवडावे. सामान्य जनांस एफबीआय हे एकच नाव ठाऊक असते, परंतु विद्वानाने इतके संकुचित असू नये. संघीय मार्शलांचे पद १७८९ सालचे. सिक्रेट सर्व्हिस १८६५ साली निघाली ती खोट्या नोटा पकडण्यासाठी. राष्ट्राध्यक्षाच्या जिवाची काळजी तिच्याकडे मागाहून आली. टपालखात्याचे स्वतःचे इन्स्पेक्टर आहेत आणि वन्य जीवांच्या चोरट्या व्यापाराचा माग काढणारे अंमलदारही आहेत. वाणिज्य शाखेच्या पदवीधरांस तर न्यूनगंड बाळगण्याचे काहीच कारण नाही: शिकागोच्या अल कपोनला खून, दरोडे आणि दारूचे गुत्ते भोवले नाहीत, भोवले ते १९३१ साली प्राप्तिकर चुकविणे.

विद्वत्ता आणि पोलिसी यांचा मेळ कसा बसावा, अशी शंका कोणी काढील तर त्यास इतिहास दाखवावा. एफबीआयचे बीज १९०८ साली ज्या ॲटर्नी जनरलने पेरले, ते चार्ल्स बोनापार्ट खुद्द नेपोलियनच्या भावाचे नातू होते; आणि ज्यांनी १९२४ पासून १९७२ साली मृत्यू येईपर्यंत ते खाते आपल्या मुठीत ठेवले, ते जे. एडगर हूव्हर कायद्याचे पदव्युत्तर पदवीधर असून तारुण्यात काँग्रेसच्या ग्रंथालयात नोकरीस होते. माणसांची सूचिपत्रे पुस्तकांप्रमाणेच करता येतात, हे त्यांनी तेथेच हेरले असावे, असा आमचा तर्क आहे.

आता उच्च पदवीचे बाजारमूल्य. एफबीआयच्या स्पेशल एजंटास साधी पदवी आणि दोन वर्षांच्या पूर्णवेळ नोकरीचा अनुभव लागतो. परंतु अर्जदार एम.ए. किंवा त्याहून वरच्या पदवीचा धनी असल्यास खाते उदार होते आणि एकाच वर्षावर भागवून घेते. अर्थात प्रबंधासाठी खर्ची पडलेल्या सात वर्षांच्या मोबदल्यात अर्जदारास रोख एक वर्षाची सूट मिळते. ज्ञानाचा इतका स्वच्छ हिशेब दुसऱ्या कोणत्याही दप्तरात मांडलेला आम्ही पाहिलेला नाही. त्यातच सदतीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वी नेमणूक झाली पाहिजे, अशी वयाची अट आहे. म्हणून ज्यांचा प्रबंध ‘जवळजवळ पूर्ण’ आहे त्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे. शैक्षणिक कर्ज मात्र बुडविलेले नसावे. तो अपराध खात्यास अक्षम्य वाटतो.

अर्जासोबत जीवनवृत्त जोडावयाचे असते. पूर्वी संघीय नोकरीसाठी ते चार-पाच पानी चालत असे. २०२५ पासून दोन पानांचा दंडक आला आहे. ज्याला आपल्या प्रस्तावनेतले आभारप्रदर्शनसुद्धा दोन पानांत उरकता आलेले नाही, त्याने या प्रसंगी काय करावे? निबंधांची यादी गाळावी. पिस्तूल हाती देणारा मनुष्य तळटीपा वाचीत नाही.

यानंतर खरी कसोटी, म्हणजे ‘एसएफ-८६’ नामक प्रपत्र. शंभराहून अधिक पानांच्या या ग्रंथात अर्जदारास आपले आत्मचरित्र लिहावे लागते, आणि तेही असे की ज्यात जाणूनबुजून खोटे लिहिल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. (ही अट साहित्यिकांच्या आत्मचरित्रांस लागू नाही, हे मराठी वाङ्मयाचे भाग्य.) गेल्या दहा वर्षांत अर्जदार कोठकोठे राहिला, हे मध्ये खंड न पाडता सांगावयाचे असते. विद्यार्थिदशेत जो तीन महिने एकाच्या माळ्यावर, पुढील पाच महिने दुसऱ्याचा पोटभाडेकरू आणि मधला एक महिना मित्राच्या सोफ्यावर राहिला, त्याला आपल्या मुक्कामांची बखर रचताना प्रबंध सोपा वाटू लागतो. परदेशातील परिषदांची हकीगत वेगळी सांगावी लागते. ज्या परिषदेत आपल्या निबंधास सातच श्रोते होते, तिची परराष्ट्रीय संबंधांच्या दृष्टीने कोणीतरी अखेर दखल घेतली, याचे विद्वानाने समाधान मानावे.

परंतु या प्रपत्राचे परमोच्च शिखर म्हणजे परकीय संपर्कांचे प्रकरण. गेल्या सात वर्षांत ज्या परकीय इसमाशी निकटचा अथवा सातत्याचा संबंध आला आणि ज्याच्याशी अर्जदार स्नेह, प्रभाव, समान हितसंबंध किंवा बांधिलकी यांनी बद्ध आहे, अशा प्रत्येकाची नोंद येथे करावी लागते. ही व्याख्या ज्याने केली त्याला मराठी कुटुंबाची कल्पना नसावी. न्यू जर्सीत वाढलेल्या, मृदारसायनात डॉक्टरेट मिळविलेल्या आमच्या एका भाचीने गतवर्षी हे प्रपत्र भरावयास घेतले, तेव्हा एका रविवारी रात्री तिचा फोन आला.

“मामा, तू माझा परकीय संपर्क आहेस.”

मला क्षणभर भरून आले. मग तिने माझी जन्मतारीख, जन्मस्थळ, राहता पत्ता आणि मी सध्या कोणाची चाकरी करतो, हे विचारले. निवृत्त मनुष्य कोणाची चाकरी करतो, हे सांगताना सौभाग्यवती समोरच बसलेली असल्यामुळे मी तो रकाना मोघम ठेवण्यास सुचविले. पुढला प्रश्न होता प्रथम संपर्काच्या अंदाजे तारखेचा.

“तुझं बारसं,” मी म्हणालो. “दादरला. तुझ्या कानात नाव सांगायला आत्या वेळेवर पोचली नव्हती, आणि तू माझ्या धोतरावर...”

“मामा, फक्त महिना आणि वर्ष.”

स्नेह, प्रभाव, हितसंबंध आणि बांधिलकी यांपैकी आमचे नाते कोणत्या सदरात बसते, यावर आमची पाऊण तास चर्चा झाली. दरवर्षी मेतकूट आणि भाजणी पाठविणारी मावशी ही स्नेहात धरावी की प्रभावात, याचा निकाल त्या रात्री लागला नाही. संपर्काची वारंवारता मात्र भाचीने ‘आठवड्यातून एकदा’ अशी पक्की लिहून टाकली आणि त्यात फरक पडू देऊ नकोस, अशी मला ताकीद दिली.

गांजाविषयी प्रश्न हटकून निघतो. एफबीआयने पूर्वी त्यापासून तीन वर्षांची विरक्ती मागितली होती. हुशार तरुण या अटीने हातचे जातात, अशी कुरकूर खुद्द डायरेक्टर जेम्स कोमी यांनी २०१४ साली जाहीरपणे केली, आणि २०२१ मध्ये ही मुदत एका वर्षावर आली. राज्याच्या कायद्याने मुभा आहे, ही सबब येथे चालत नाही.

यापुढे असत्यशोधक यंत्र, अर्थात पॉलिग्राफ. दंडाला रक्तदाबाची पट्टी, छातीभोवती श्वास मोजणाऱ्या नळ्या आणि बोटांना घाम टिपणारे चिमटे लावून अर्जदारास खुर्चीत बसवितात. या यंत्राच्या जनकांपैकी एक असलेले विल्यम मार्स्टन हे हार्वर्डचे मानसशास्त्राचे डॉक्टर. पुढे ‘वंडर वुमन’ ही चित्रकथेतील वीरांगना त्यांनीच निर्माण केली आणि तिच्या हाती सत्य वदविणारा दोर दिला. त्यांच्या चाचणीचा पुरावा वॉशिंग्टनच्या न्यायालयाने १९२३ सालीच नाकारला. १९८८ च्या कायद्याने बहुतेक खाजगी मालकांस नोकरांवर हे यंत्र चालविण्याची बंदी झाली. सरकारने स्वतःस मात्र त्यातून वगळले. तात्पर्य, एका डॉक्टरची ही विद्या न्यायाधीशाने नाकारली, दुकानदारास वर्ज्य झाली आणि आता उरली ती इतर डॉक्टरांच्या परीक्षेपुरती. येथे ‘असत्य म्हणजे नेमके काय, यावर अवलंबून आहे’ असे उत्तर देऊ नये. उत्तर होय किंवा नाही एवढेच असते, आणि नेमकी तीच सवय विद्यापीठाने मोडलेली असते.

शरीराविषयी थोडक्यात सांगतो. उठाबशांनी भागत नाही. तीनशे मीटर जीव खाऊन आणि पुढे दीड मैल धावावे लागते. ग्रंथालयाचे जिने मोजीत नाहीत. हे सारे साधल्यास व्हर्जिनियातील क्वांटिको येथे सुमारे अठरा आठवड्यांचे शिक्षण मिळते. तेथे १९८७ साली वसविलेले होगन्स ॲली नावाचे लुटुपुटुचे गाव आहे. त्यातल्या बँकेवर नित्यनेमाने दरोडे पडतात आणि त्यातले चित्रपटगृह बायोग्राफ नावाचे आहे; १९३४ साली शिकागोत जॉन डिलिंजर याच नावाच्या चित्रपटगृहातून बाहेर पडताच गोळ्यांना बळी पडला. सिनेमाचे अभ्यासक येथे रमतील.

भाचीच्या अर्जाला आता चौदा महिने झाले. चौकशी चालू आहे, एवढेच कळते. येत्या मार्गशीर्षात ती छत्तीस पूर्ण करील. मी दर रविवारी रात्री साडेआठला एकदाच फोन करतो. मध्यंतरी तिच्या आजीची तब्येत बिघडली तो बुधवार होता, तेव्हा रविवारपर्यंत थांबलो.