आवर्तन

परंडा तालुक्यातील सोनारीसारख्या अवर्षणप्रवण गावी, जिथे नावेपेक्षा पाण्याचा टँकरच अधिक वेळा दृष्टीस पडतो, तिथे बसून अमेरिकेतील कोलोरॅडो नदीच्या खळाळातून, वाळवंटातल्या त्या विराट घळीमधून नौकाप्रवास करण्याचा संकल्प मी सोडला, तो निव्वळ तिकडे स्थायिक झालेल्या भाच्याच्या भरवशावर. वाळवंट म्हटले की आम्हांस चंद्रभागेचे आठवणार. तेव्हा प्रथमदर्शनी भीती अशी वाटलीच नाही.

भीती वाटली ती नियमावली वाचून. पूर्वी परवानगीसाठी प्रतीक्षायादीत वर्षानुवर्षे तिष्ठावे लागे. २००६ पासून सोडत निघते. शेजारचे निवृत्त तलाठी भाऊसाहेब हे ऐकून गंभीरपणे म्हणाले, "सोडत असू द्या, पण नदीचा सातबारा कुणाच्या नावावर आहे?" पुढले कलम त्याहून अद्भुत होते: शौचाचा सर्व ऐवज डब्यात बंद करून प्रवासाअखेर परत आणावयाचा. भरलेले टमरेल नेऊन रिकामे आणण्याचा शिरस्ता आमच्या पिढीस ठाऊक आहे. रिकामा डबा नेऊन भरलेला आणण्याचा नव्हता.

याच प्रवासाला १८६९ साली एका हाताचा मेजर पॉवेल चार नावा, नऊ सोबती आणि दहा महिन्यांची शिधासामग्री घेऊन निघाला, आणि तीन महिन्यांतच बुरसटलेले पीठ, सुकी सफरचंदे व कॉफी एवढ्यावर आला. पुढल्या मोहिमेत तर त्याने नावेवर खुर्चीच बांधून घेतली. हा तपशील माझ्या प्रकृतीस विशेष मानवला. नाव उलटली तरी शिधा वाहून जाऊ नये म्हणून तो पक्का बांधावा लागतो, याची रंगीत तालीम मी भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात शेंगदाण्यांच्या पिशवीवर केली. ती दुहेरी निरगाठ तिथल्या एका माकडाने, माझ्याकडे करुणेने पाहत, क्षणार्धात सोडली.

"पण नदीला पाणी आहे ना?" भाऊसाहेबांनी अखेर मूळ मुद्द्यास हात घातला. मी सांगितले की, वरच्या अंगाला १९६३ पासून ग्लेन कॅन्यनचे धरण आहे, तेथून सोडतील तेवढेच पाणी, आणि एवढे करूनही ती नदी हल्ली बहुधा समुद्रापर्यंत पोचतच नाही.

"म्हणजे आवर्तनच की!" भाऊसाहेबांचा चेहरा उजळला. "मग आपल्या सीनेने काय घोडे मारले आहे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी ट्रॅक्टरची एक जुनी ट्यूब माझ्या ओसरीवर आणून टाकली. तिला तीन ठिगळे होती आणि चौथ्याची निकड होती.