निळ्या दाताची कवळी

आमच्या घरातला छोटा लॅपटॉप २०१० सालचा. मुलगी कॉलेजात गेली तेव्हा घेतलेला. दहा इंची पडदा, एक जीबी रॅम, वजन सव्वा किलो. या जातीला तेव्हा नेटबुक म्हणत. २००७ मध्ये असूसने सात इंची ई-पीसी काढला आणि मग तीन-चार वर्षं जो तो असली पिटुकली यंत्रं काढत सुटला. पुढे टॅबलेट आले आणि ही जात नामशेष झाली. आमचा तेवढा राहिला. मुलगी लग्न होऊन बंगळुरूला गेली, लॅपटॉप माहेरीच. स्वस्तातली आवृत्ती असल्यामुळे पडद्यामागचं चित्र बदलायची सोयसुद्धा त्यात नाही. इतकी वर्षं मी तेच एक चित्र बघतो आहे. पण चालतो. आणि चालणारी वस्तू टाकून द्यायची आमच्या घराण्यात पद्धत नाही. न चालणारीही आम्ही माळ्यावर ठेवतो.

यंदाच्या दिवाळीत जावईबापूंनी ब्लूटूथचा स्पीकर आणला. लाडवाच्या डब्याएवढा. "बाबा, लॅपटॉपवरची गाणी आता याच्यावर ऐका, वायरबियर काही नको," असं म्हणून ते परत गेले. मी लॅपटॉप उघडला. वरच्या रांगेतल्या एका किल्लीवर ब्लूटूथचं चिन्ह छापलेलं होतं. ती दाबली. धरून ठेवली. शेजारच्या किल्लीसकट दाबली. काही नाही.

भाचा आला तेव्हा उलगडा झाला. "मामा, कीबोर्ड सगळ्या मॉडेलना एकच असतो. महागातल्या मॉडेलला आत ब्लूटूथचं कार्ड बसवतात, स्वस्तातल्याला नुसतं चित्र." म्हणजे आमच्या पेठेतल्या उपाहारगृहाची पाटीच. तिच्यावर थालीपीठ लिहिलेलं असतं. विचारलं की कळतं, थालीपीठ फक्त पाटीवर आहे.

यावर उपाय म्हणजे डोंगल. यूएसबीच्या भोकात खुपसायचा नखाएवढा तुकडा. भाच्याच्या एका मित्रानं म्हणे लॅपटॉप उघडून, डोंगलचं कवच फोडून, चार तारा डाखून तो आतल्या आतच बसवला होता. माझ्याकडे डाखणी आहे. पण तिनं मी शेवटची दुरुस्त केलेली वस्तू म्हणजे आमची दारावरची घंटा, आणि लोक अजून कडी वाजवतात. तेव्हा बाहेरून खुपसायचं ठरलं.

तपकीर गल्ली. नाव तपकिरीचं, माल वायरींचा. पुण्यात विजेची किंवा इलेक्ट्रॉनिकची अडलेली वस्तू घेऊन माणूस शेवटी तिथेच जातो.

"डोंगल द्या."

"नेटचा?"

"ब्लूटूथचा."

"फोर की फाइव्ह? लॅपटॉप कुठला आहे, काका?"

मी सांगितला. वर्षही सांगितलं. "अजून आहे?" त्यानं विचारलं. एखाद्याच्या आजीची चौकशी करताना जो सूर लागतो, तो लागला होता. मग २८० रुपये घेऊन त्यानं एक पुडकं दिलं. आत डोंगल आणि तळहाताएवढी छोटी सीडी. "ड्रायव्हर त्याच्यात आहे," तो म्हणाला.

घरी आलो. डोंगल खुपसला. लॅपटॉप म्हणाला, ड्रायव्हर सापडत नाही. मी सीडी हातात घेतली, लॅपटॉप चारी बाजूंनी फिरवून पाहिला, आणि तेव्हा लक्षात आलं की या जातीच्या लॅपटॉपना सीडीचं तोंडच नसतं. किंमत आणि वजन कमी राखायला ते पहिल्यांदा कापलेलं असतं. पुण्यात दोन दिवस सीडी वाचणारं यंत्र शोधत होतो. अखेर भाच्याच्या ऑफिसातल्या अडगळीत एक डबा निघाला, पेनड्राइव्हवर ड्रायव्हर आला. पुढच्या खिडकीत सात-आठ चौकोन होते. यासाठी परवानगी, त्यासाठी परवानगी. मी सगळ्यांवर खुणा केल्या. सरकारी अर्जातही मी रिकामी जागा सोडत नाही.

दरम्यान या निळ्या दाताचं मूळ शोधून काढलं. दहाव्या शतकात डेन्मार्कमध्ये हॅराल्ड नावाचा राजा होता, त्याचं टोपणनाव ब्लॉटान, म्हणजे निळा दात. एक दात किडून काळानिळा पडला होता म्हणतात. त्यानं डेन लोकांना एका छत्राखाली आणलं. १९९७ च्या सुमारास वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रं बिनतारी जोडायचं घाटत होतं, तेव्हा इंटेलच्या जिम कार्डॅक यांनी हे नाव सुचवलं. तेही तात्पुरतं, बरंसं नाव सापडेपर्यंत. ते चिन्हसुद्धा हॅराल्डच्या आद्याक्षरांचं, जुन्या रून लिपीतलं. आपल्याकडे बारशापर्यंत म्हणून 'बाळ' म्हणतात आणि माणूस सत्तरीत बाळकाका म्हणूनच ओळखला जातो, तसंच हे. एका राजानं दंतवैद्य टाळला, आणि त्याचा किडका दात आज माझ्या दिवाणखान्यात आहे.

तर स्पीकर जोडला गेला. निळा दिवा लागला. मी भीमसेनांचा पुरिया लावला आणि पाटावर... म्हणजे सोफ्यावर बसलो. आवाज आला तो असा, की पंडितजी १९७५ साली गदगहून ट्रंककॉलवर गाताहेत. भाच्याला फोन. "मामा, ते फोनच्या आवाजावर जोडलंय. हँड्सफ्री. संगीताचं वेगळं असतं, स्टिरिओ निवडा." फोनवरच्या बोलण्याला कमी नाद पुरतो, म्हणून तिथे आवाज कापून पाठवतात. निवडलं. पुरिया खुलला. मान्य करतो, डोळ्यांत पाणी आलं.

विलंबित रंगात आलं आणि तान अडखळायला लागली. ट-ट-ट. पुन्हा. पंडितजी असं करणार नाहीत, याची खात्री होती. आत जाऊन पाहिलं तर सौ. मायक्रोवेव्हमध्ये पापड भाजत होती. ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह दोघांचाही मुक्काम २.४ गिगाहर्ट्झच्या आसपास. ब्लूटूथ बिचारं चुकवत असतं. ७९ वाटांवरून सेकंदाला १६०० वेळा उडी मारत, जिथे गर्दी असेल ती वाट सोडून. पण ओव्हनच्या झडपेतून जे थोडंसं निसटतं, तेही त्याच्या दहा मीटरच्या जिवाला भारी पडतं.

"तीन पापड राहिलेत," सौ. म्हणाली.

आता आमच्याकडे पापड आणि पुरिया यांच्या वेळा ठरलेल्या आहेत. रात्री डोंगल काढून ठेवतो, कारण तिथे पेनड्राइव्ह लागतो, आणि एकदा केरात जाता जाता वाचला. काढून वाटीत ठेवतो. आमचे आजोबा कवळी अशीच वाटीत ठेवत, फक्त ते पाणी घालत.

परवा स्पीकर पुसताना सौ. म्हणाली, "अहो, या डबीला मागे रबराखाली भोक कसलं आहे?"

भोक साध्या वायरीचं होतं. तशी वायर आमच्या वायरींच्या पिशवीत आहे. एक नाही, तीन आहेत. मी रबर परत दाबून बसवलं आणि म्हटलं, "हवा जायला."

काल जिन्यात वरच्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. "काय हो, माझे इअरफोन जोडायला गेलो की फोनवर रोज एक नाव येतं. 'बाबा-नो-टच'. तुमच्याकडचं आहे का?"

कॉलेजात असताना मुलीनं लॅपटॉपला ठेवलेलं नाव. आणि मी खुणा केलेल्या चौकोनांत एक चौकोन असाही होता, की हा संगणक सर्वांना दिसू द्यावा.

"छे," मी म्हणालो. "वरच्या मजल्यावरचं असेल कुणाचं तरी."

"वरच्या मजल्यावर मी एकटाच राहतो," ते म्हणाले.