गंधवेडे नाना

अंगाला सोसत नाही आणि नाकाला राहवत नाही, असा एक तरी इसम प्रत्येक सोसायटीत असतोच. आमच्याकडे नाना आहेत. लग्नाच्या हॉलच्या दारात अत्तर घेऊन उभ्या असलेल्या मुली दिसल्या की नाना हात मागे घेतात आणि नाक पुढे करतात. मुली दचकतात. त्यांना काय ठाऊक, की हातावर अत्तराचं बोट फिरलं तर परवा त्याच जागी लालभडक चट्टा उठणार आणि पुढचा आठवडाभर नाना तो जिन्यात भेटेल त्याला दाखवणार!

‘परवा’ हीच यातली गोम. पित्त उठतं ते घटकाभरात. कातडीची ही सुगंधाची ॲलर्जी मात्र सावकाश, दिवस-दोन दिवसांनी उगवते. तोवर खरा आरोपी पसार झालेला असतो आणि जागेवर सापडतं ते काल रात्रीचं वांग्याचं भरीत. नानांनी वांगं असंच सोडलं. मग तूरडाळ सोडली. मग मेहुणी राहायला आली की खाज सुटते, असाही शोध लावला. (यात थोडं तथ्य होतं. बाई सेंट फार मारतात.)

शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या चिकटवल्या. त्या दोन दिवस ठेवायच्या, पाठीला पाणी लावायचं नाही आणि पट्ट्या निघाल्यावरही एकदा पाठ दाखवायला यायचं. निकाल लागला: युजेनॉल, सिनॅमल, जिरॅनिऑल. नानांना आनंद झाला. “बघा, सगळी केमिकलं! मी म्हणतच होतो, आपलं नैसर्गिक तेच बरं.” डॉक्टर शांतपणे म्हणाले, “युजेनॉल लवंगेत असतं, नाना. सिनॅमल दालचिनीत. आणि जिरॅनिऑल गुलाबात.” म्हणजे केमिकलं पकडायला गेले आणि धाड पडली नानींच्या मसाल्याच्या डब्यावर.

तरी श्रद्धा ढळली नाही. या जातीच्या माणसाला लेबलावर हिरवं पान दिसलं की पुढचं वाचायची गरज वाटत नाही. कनौजचं अत्तर कसं देग-भपक्यातून उतरतं, चंदनाच्या तेलात कसं मुरतं, त्यात अल्कोहोलचा थेंब कसा नसतो, यावर नाना तासभर बोलतात आणि सगळं खरं बोलतात. फक्त गुलाबाच्या अत्तरात गुलाब असतो, एवढं विसरतात.

हल्ली ते दुकानात भिंग घेऊन जातात. युरोपात २००५ पासून सव्वीस सुगंधी घटकांची नावं लेबलावर छापावी लागत होती, २०२३च्या नियमाने ती यादी ऐंशीच्या पुढे नेली; त्यामुळे तिकडून आलेली बाटली वाचायला नानांना जेवणाआधी घ्यावी लागते. ‘अनसेंटेड’ लिहिलेलं क्रीमही ते आता परत ठेवतात, कारण मूळचा वास झाकायला त्यात दुसरा वास घातलेला असू शकतो. ‘फ्रॅग्रन्स-फ्री’ असेल तरच घेतात. घेतल्यावर हुंगतात, आणि कशाचाच वास येत नाही म्हणून दिवसभर खिन्न असतात. घरात मात्र भिंग चालत नाही. लव्हेंडरमधलं लिनॅलूल हवा लागून जुनं झालं की कातडीला जास्तच चावतं, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. पण नानांच्या कपाटातल्या अर्ध्या बाटल्या मुलाच्या मुंजीतल्या आहेत, आणि मुलाला आता टक्कल पडलंय.

नरकचतुर्दशीला नाना साधं डाळीचं पीठ लावून अंघोळ करतात. नागरमोथा-कचोऱ्याच्या उटण्याची पुडी फोडून समोरच्या फळीवर ठेवलेली असते. अभ्यंग नाकाने उरकतात.

अंगावर लावायची सोय नाही म्हटल्यावर नानांनी अखेर तोडगा काढला: अत्तर भाच्याला लावायचं. हल्ली कुठल्याही समारंभाला भाच्याच्या सदऱ्यावर मोतियाचे दोन थेंब टाकून नाना त्याच्यापासून दोन हातांवर, वाऱ्याची दिशा बघून चालतात. पंखा सुरू असेल तर खुर्चीही त्या हिशेबाने मांडतात. भाचा बँकेत आहे. गेल्या सोमवारी तो हिना लावूनच कॅश काउंटरवर बसला, तेव्हा मॅनेजरसाहेब तीनदा शिंकले. नानांनी साहेबांसाठी डॉक्टरांचं कार्ड पाठवलंय.