खुनी आधीच ओळखणारा वाचक

रहस्यकथेतला खुनी आधीच ओळखणारा वाचक हा महाराष्ट्रातल्या सार्वजनिक वाचनालयांत आढळणारा, बहुधा पुरुष आणि बहुधा निवृत्त, असा प्रकार आहे. रहस्यात त्याला रस नसतो; लेखक कुठे घसरतो हे पकडण्यात असतो. बाराव्या पानावर तो "कळला!" असे जाहीर करतो. कोण कळला, हे मात्र शेवटचे पान वाचून झाल्यावरच सांगतो.

त्याची जडणघडण बाबूराव अर्नाळकरांच्या हाताखाली झालेली असते. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांतले झुंजार, काळा पहाड आणि धनंजय त्याला भूगोलाच्या पुस्तकाआड भेटले, आणि भूगोल तेवढा कच्चा राहिला. पुढे गुरुनाथ नाईक आले, त्यांच्याही कादंबऱ्या हजाराच्या घरात गेल्या. एवढे खून पचवलेल्या माणसाला मेलेल्याबद्दल हळहळ उरत नाही, हे समजण्यासारखे आहे. रोनाल्ड नॉक्स या इंग्रज पाद्र्याने १९२९ साली रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. त्यांतले दोन त्याला पाठ असतात : गुन्हेगार कथेत लवकर दिसला पाहिजे, आणि जुळा भाऊ आयत्या वेळी उगवता कामा नये. उरलेले आठ त्याने स्वतः केलेले असतात. ॲगाथा ख्रिस्तीच्या १९२६ सालच्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'मधला खुनी कोण, हे तो कोणी न विचारता सांगतो. विशेषतः समोरच्याच्या हातात ते पुस्तक दिसले की.

मेलेला माणूस सरदार किंवा हिऱ्यांचा व्यापारी असेल तर हा वाचक जरा दबून असतो, कारण त्या जगात त्याची ये-जा नसते. बाजारातल्या विक्रेत्याचा खून झाला की त्याला खरा चेव चढतो. पिशवी घेऊन त्याने तिथे उभा जन्म काढलेला असतो. समजा, पुण्यात मंडईबाहेरचा एक पथारीवाला पहाटे मटाराच्या ढिगामागे मरून पडला आहे आणि त्याचे एक किलोचे वजन नाहीसे झाले आहे. महिना जूनचा. वाचक तिथेच थांबतो. जूनमध्ये मटाराचा ढीग? प्रेत थांबू शकते, भाव थांबू शकत नाही.

पुढे चुका वाढतच जातात. लेखक मंडईचा मनोरा चौकोनी करून टाकतो. १८८६ पासून तो अष्टकोनी उभा आहे. कादंबरीतला इन्स्पेक्टर पथारीच्या परवान्याची चौकशी बाजार समितीत करतो. बाजार समितीचा संबंध घाऊक मालाशी. फुटपाथ महापालिकेचा, आणि २०१४ च्या कायद्यानंतर विक्रेत्यांची नोंद पाहायला नगर पथविक्रेता समिती. हे सापडल्यावर त्याला खुनी सापडल्याहून जास्त आनंद होतो. संशयितांची छाननीही तो बाजाराच्याच रीतीने करतो. भवानी व्हायच्या आत उधारी मागणारा वाईट, पण खून करण्याइतका नव्हे. घासाघीस न करता, वर कोथिंबीर न मागता सांगितले तेवढे पैसे मोजून निघून गेलेले गिऱ्हाईक मात्र त्याच्या लेखी जवळजवळ कबुलीजबाब देऊन गेलेले असते.

हे सारे तो पेन्सिलीने समासात लिहितो. वाचनालयात या जातीचे दोन-तीन सभासद असतातच, त्यामुळे "जूनमध्ये मटार??" याच्याखाली वेगळ्या अक्षरात "फ्रोझन असेल" आणि त्याखाली "पथारीवर?" असे सापडते. हा पत्रव्यवहार अनेकदा कादंबरीपेक्षा वाचनीय असतो.

अंदाज चुकला तर तो खचत नाही. लेखकाने शेवट ऐनवेळी बदलला, मूळ खुनी आपण म्हटला तोच होता, असे त्याचे स्पष्टीकरण असते. अडचण होते ती घरात. समोर बसून मेथी निवडणारी बायको, जिने पुस्तक उघडलेलेही नसते, गोष्ट अर्धवट ऐकून म्हणते, "तो वजनं तपासायला आलेला असेल." पुरावा विचारला तर सांगते, "अहो, रविवारी सरकारी माणूस बाजारात कशाला येईल?" शेवटच्या प्रकरणात तोतया निरीक्षकच पकडला जातो. हा तर्क नव्हे, नुसता अंदाज, असे तो तिला समजावून सांगतो. ती मेथी धुवायला उठते. समासात त्या पानावर काहीच लिहिले जात नाही, आणि पुस्तक मुदतीच्या चार दिवस आधी परत जाते.