कानाने घेतलेलं इंजिन

सुरतेत तांदळाच्या कणीएवढा हिरा घ्यायचा तर चारजण भिंग लावून बघतात. जुन्या पिकअपचं इंजिन मात्र कानाने घेतात. ‘आवाज ऐका ना, शेठ!’

सुरतेतल्या उधना भागातले आमचे खानदेशी टेम्पोवाले यातले दर्दी. रिंग रोडच्या मार्केटातून साड्यांचे गठ्ठे वाहून वाहून इंजिन ऑइल प्यायला लागलं, की मेकॅनिक म्हणतो, बोअर करून लायनर-पिस्टन बदला. ते नको असतं, आणि कंपनीचं नवं इंजिन घ्यायचं तर किंमत ऐकून मालकच बंद पडतो. उरतं भंगारातलं, ‘अॅक्सिडेंटच्या गाडीचं, फारसं न चाललेलं’. देशात एवढ्या गाड्या शोरूमच्या दारातच ठोकल्या जातात, हे भंगारबाजारात गेल्याशिवाय कळत नाही. हे स्थळ बहुधा मेहुणा आणतो. त्याला गाडी चालवता येत नसली तरी ‘ओळख’ असते.

मोटार वाहन कायदा, 1988चं कलम 52 मात्र कानावर विसंबत नाही. इंजिन बदललं की 14 दिवसांत आरटीओला कळवायचं आणि नवा नंबर आरसीवर चढवायचा. त्यासाठी इंजिनाची पावती हवी. ती मागितली, की दुकानदार लगेच चहा मागवतो.